खालच्या कोपऱ्यातली माती

आबा मातीची पिशवी टेबलावर ठेवत, पण तिच्यावरचा हात काढत नसत. मी नाव, गाव, गट नंबर लिहून घ्यायचे, पावती फाडायचे आणि शेवटी म्हणायचे, "आबा, आता सोडा की." मग ते एकेक बोट उचलत आणि म्हणत, "तुमच्यावर इस्वास हाय बाई. पन म्या इथंच बसतो."

माती परीक्षणाचं काम तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. माती आधी सावलीत वाळवायची, मग लाकडी हातोड्याने कुटायची, चाळायची आणि मग तपासायची. वाळायलाच दोन-तीन दिवस जातात. हे ऐकून पहिल्या दिवशी आबांनी बाकावर बसून फडक्यातली भाकरी सोडली. "वाळू द्या. आपल्याला कुठं घाई हाय?" संध्याकाळच्या एसटीला उठले ते आपल्या ट्रेमधल्या मातीवर बोटाने एक रेघ ओढून. सकाळी आम्ही कुलूप काढायच्या आधी दारात हजर. आत आल्या आल्या आधी रेघ पाहिली, मग मला रामराम घातला.

कळंबच्या या प्रयोगशाळेत मला अकरा वर्षं झाली. मीही काही साधी नाही बरं का. भाजीवालीच्या काट्याखाली हात घालून बघणारी बाई मी. पण आबांपुढे मी अगदीच भोळी ठरले.

एकदा त्यांनी दोन पिशव्या आणल्या. एक स्वतःच्या नावाची, दुसरी मुरुम गावच्या साडूची. मुरुमचा माणूस माती तपासायला एवढ्या लांब कशाला पाठवेल, हे माझ्या तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. अहवाल दिले तर आबा दोन्ही कागद शेजारी ठेवून बोटाने वाचत बसले. मग हळूच म्हणाले, "एकाच खड्ड्यातली माती हाय बाई. दोन उत्तरं कशी?"

थोडाफार फरक येतोच, असं मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "व्हय. पन दुसरी तपासताना तुमी घाईत हुता." मी चिडले. चिडले कारण ते खरं होतं. शनिवार होता आणि मला बस गाठायची होती.

आता त्यांच्या गावचं सांगते. गावापासून थोड्या अंतरावर दारू गाळण्याचा एक कारखाना आहे. नाव कशाला घ्या! तिथून तपकिरी, आंबूस वासाचं पाणी टँकरने गावात यायचं आणि शेतात सोडलं जायचं. त्यात पालाश म्हणजे पोटॅश आहे, पीक जोमात येतं, आणि वर फुकट. कारखान्याचा माणूस पांढऱ्या शर्टात यायचा, सगळ्यांना काका-मामा म्हणायचा. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बेताने, पातळ करून दिलं तर त्या पाण्याचा उपयोग होतो. पण फुकटात बेत कोण बघतो! गावाने टँकरसाठी नंबर लावले. एकटे आबा अडून बसले.

"फुकट दारापत्तूर आनून देतो," ते मला म्हणाले, "म्हंजी त्याला ते त्याच्या दारात नको झालंय."

आबांनी टँकर घेतला नाही, पण त्यांच्या वरच्या अंगाला ज्याचं शेत त्याने घेतला. एक नाही, दर आठवड्याला. ते पाणी बांधाखालून पाझरत आबांच्या खालच्या कोपऱ्यात यायला लागलं. आधी तिथला हरभरा पिवळा पडला. मग उन्हाळ्यात जमिनीवर क्षारांचं पांढरं फूल आलं, पावसाळ्यात पाणी मुरेना, आणि कोपऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीच्या पाण्याला फेस यायला लागला. आबांनी मुंग्यांचं वारूळ दाखवायला पंचाला नेलं. "मुंग्या बिऱ्हाड उचलून गेल्या. त्यास्नी कुनी सांगितलं?" पंच हसला.

सरपंच म्हणाला, प्रयोगशाळेचा कागद आणा, वरचा टँकर बंद करतो. झालं, आबांचं सगळं त्या कागदावर येऊन थांबलं. दोन एकर रान आणि ती एक विहीर, एवढंच त्यांचं होतं, आणि दोन्ही त्या कोपऱ्याच्या बाजूने नासत चाललं होतं.

नमुना घ्यायचा आमचा एक नियम आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा खड्डे घ्यायचे, सगळी माती घमेल्यात कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरायची. आबांनी नियम पाळला. अहवाल आला, जमीन उत्तम. त्या पांढऱ्या शर्टवाल्याने म्हणे त्याच कागदाची झेरॉक्स गावभर फिरवली.

आबा आले, पिशवी नव्हती. टेबलावर नुसताच हात ठेवून म्हणाले, "बाई, तुमच्या नियमानं चोर गर्दीत घातला. नऊ खड्डे चांगले, एक नासका. कालवल्यावर कसा घावंल?"

बोलणं बिनतोड होतं. मी म्हटलं, "मग फक्त कोपऱ्यातली माती आणा. वेगळी तपासते."

आणि इथे माझी गोष्ट सुरू होते, आबांची नाही. दुसऱ्या दिवशी तो शर्टवाला आमच्याकडे आला. पेढ्यांचा पुडा, मुलगा पास झाल्याचे. सहज बोलावं तसं म्हणाला, "मॅडम, सांभाळून बरं का. हल्ली लोक भरपाईच्या नादात नमुन्यात मीठ टाकून आणतात." आबांचं नावही काढलं नाही. मी पेढा खाल्ला.

चार दिवसांनी आबांनी कोपऱ्यातली माती आणली. क्षार मोजायच्या यंत्रावर आकडा एवढा चढला की मी यंत्र धुऊन पुन्हा लावलं. तेवढाच. बाकावर आबा बसले होते, गुडघ्यांवर हात, नजर माझ्यावर. आणि माझ्या मनात काय आलं असेल?

"आबा, खरं सांगा. मातीत काही घातलंत का?"

ते बाकावरून उठून टेबलापाशी आले. मग म्हणाले, "मीठ न्हाय घातलं बाई."

मी मिठाचं नाव काढलं नव्हतं. माझा संशय पक्का झाला. गावात तीच कुजबुज त्यांच्याही कानावर गेली असेल, हे मला सुचलंच नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नमुना शेतकऱ्याने स्वतः आणला असून त्याची खात्री देता येत नाही. आबांनी शेरा बोटाने वाचला, अक्षर न् अक्षर. मला वाटलं, आता आवाज चढणार. ते म्हणाले, "बराबर केलंत. म्या तुमच्या जागी असतो तर म्या बी ह्येच लिवलं असतं." दारापाशी थांबून म्हणाले, "मग तुमीच या. तुमच्या हातानं उकरा."

"येते," म्हटलं. उद्या, परवा, सोमवारी. पेरणीआधीचे दिवस, नमुन्यांचा ढीग, आणि खरं सांगायचं तर उन्हात एवढी पायपीट नको वाटत होती. तीन आठवडे गेले.

गेले तेव्हा दारात सून होती. आबांचा तेरावाही होऊन गेला होता. दोन दिवस ताप आला, म्हणाली. कशाचा ताप, कुणी तपासलं नाही. पाणी कुठलं पिता, असं मी विचारलं. तिने विहिरीकडे बोट केलं.

तिच्याबरोबर कोपऱ्यात गेले. आबांचा खड्डा तसाच उघडा होता. त्याच्या शेजारीच मी माझ्या हाताने उकरलं, पिशवी बांधली, स्वतःच्या मांडीवर घेऊन एसटीने आणली. वाळवली, कुटली, चाळली. आकडा आबांच्या नमुन्याच्या जवळजवळ दुप्पट आला. तीन आठवड्यांत एवढा फरक पडत नाही. मी यंत्रावर संशय घेतला, तपासणीच्या पाण्यावर घेतला, माझ्यावर घेतला. चार वेळा तपासलं, तेच.

सून कागद घ्यायला आली तेव्हा मी तिला सांगितलं, "काही कळत नाही गं. आबांनी आणलेली माती यापेक्षा बरी कशी निघाली?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "एक सांगू का मॅडम, रागावू नका. त्या पिशवीत मामंजींनी आपल्याच रानातली, कोपऱ्यापास्नं लांबची, दोन वंजळी चांगली माती कालवली हुती. म्या इचारलं, ह्ये कशापायी? तर म्हनले, लई वंगाळ निघाली तर बाईला खरं वाटायचं न्हाय."

मी शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. वरच्या शेतातला टँकर पंधरा दिवसांत बंद झाला, असं तिचा फोन आला तेव्हा कळलं. विहिरीचं पाणी पिणं त्यांनी सोडलं, ते मात्र अजून कुणी पीत नाही.

त्यांनी नासकी माती मला खरी वाटावी म्हणून बरी करून आणली, आणि मी तिच्यात मीठ शोधत बसले. माझी मला लाज वाटते. आणि हे मी कुणाला सांगू? ऐकून घ्यायला ते एकच माणूस हवं होतं.