ताणून दिलेलं दावं

घोडेगावच्या बैलबाजारात आमच्या चहाच्या टपरीशेजारी एक दोरवाला बसायचा. रोज सकाळी एकेक दावं पायाखाली धरून ताणून बघायचा, मगच खुंटीला लावायचा. बहात्तरच्या दुष्काळात बाजार ओस पडला, बाकीच्या दोरवाल्यांनी दुकानं गुंडाळली. ह्याचं ताणणं चालूच. मी चिडवायची, "भाऊजी, ही दावी बांधायची कुणाला?"

"हाताची सवय गेली तर धंदा गेलाच की, वहिनी!"

पुढं पाऊस झाला आणि काय सांगू, बाजार नुसता फुलला! नवे बैल घेऊन माणसं त्याच्या एकट्याच्या दुकानावर तुटून पडली. "आटप की लेका!" पण हा ताणल्याबिगर देईना. ताणताना एक दावं तटकन तुटलं, तशी घाई करणारीच म्हणाया लागली, "ताणूनच दे बाबा!"

गर्दीतनं तो मलाच ओरडला, "वहिनी, आता इचारा की, बांधायची कुणाला!"