अकरा स्कूटर आणि बायनाबाईचा नंबर

चिंचदऱ्यात देवळाच्या दारी रांग मोडली तर चालते, लग्नाच्या पंगतीत तर ती मोडायचीच असते. पण बायनाबाईच्या गिरणीत नंबर मोडला असं सत्तावीस वर्षांत कुणी ऐकलेलं नाही. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. डबा आणायला उशीर होणार असेल तर दगड ठेवून जावं, दगडाचाही नंबर धरला जातो. एकदा माजी सभापती मोहनरावांचा गडी गव्हाची गोणी घेऊन आला आणि ती सरळ पुढं सरकवायला लागला. बायनाबाई म्हणाली, "सभापती तुझा मालक हाय, गहू न्हाई. ठिव तिकडं मागं." गोणी नवव्या नंबरला दळली गेली. मोहनरावांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली, म्हणजे मनात ठेवली.

बायनाबाईचं माहेर धारूरच्या डोंगरातलं, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचं. अक्षराशी तिची गाठ पडली नाही, पण कान असा तयार की अंधारात कळपातली कुठली शेळी खोकली ते सांगावं. हाच कान घेऊन ती आप्पाच्या घरी नांदायला आली आणि गिरणीत उभी राहिली. जात्याच्या आवाजावरून ज्वारी ओली की कोरडी, ते ती बाहेर बसून ओळखायची.

गिरणी तेव्हा डिझेल इंजिनावर चालायची. इंजिन एका खोलीत, संसार शेजारच्या खोलीत, आणि मधल्या भिंतीला धूर अडवायचं काही वळण नव्हतं. आप्पानं वीस वर्षं ते इंजिन चालवलं. मग त्याची छाती वाजायला लागली. पुढं पुढं त्याला आडवं होता येईना. माणूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं फार भाषण केलं नाही. "घरात इंजिन तरी ठेवा, नाहीतर हा माणूस तरी," एवढंच म्हणाला.

बायनाबाईनं बावीस शेळ्या विकल्या आणि विजेची मोटार घेतली. कनेक्शनसाठी दोन वर्षं चकरा मारल्या. ज्या दिवशी मोटार सुरू झाली त्या दिवशी आप्पा दुपारी अंथरुणावर पाठ टेकून झोपला, आणि ही बाई दळण सोडून दारात उभी राहून नुसती त्याच्याकडं बघत राहिली. ह्याला चार वर्षं झाली. भंगारवालाही घेईना म्हणून इंजिन कोपऱ्यात बारदान पांघरून पडलं होतं. चिंचदऱ्यात धूर बंद करणारी ही एकच बाई, पण तिनं ते नवऱ्यासाठी केलं होतं. पृथ्वीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एक काळजी मात्र राहिली होती, गावच्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची. गावाबाहेर, गिरणीच्या मागच्या अंगाला तो एकुलता एक डीपी उभा. घरं त्याच्यावर, पाण्याची मोटार त्याच्यावर, आकडे टाकून चालवलेले कूलर त्याच्यावर आणि गिरणीही त्याच्यावरच. मागं एकदा जळाला तेव्हा नवा यायला सव्वा महिना लागला होता. तेव्हापासून बायनाबाई दळताना एक कान जात्याकडं आणि एक कान डीपीकडं ठेवायची. त्याची घूंऽऽ जाड व्हायला लागली की ती मोटार बंद करायची आणि बायांना सांगायची, "डीपी दमलाय. जरा बसा." बाया बसायच्या.

अशा गावात ह्या एप्रिलमध्ये वसुंधरा वाचवायला अकरा इलेक्ट्रिक स्कूटर आल्या.

'निर्धूर मराठवाडा यात्रा' असं तिचं नाव. बीडहून निघायचं, चौसाळा, केज, धारूर करत संध्याकाळी पाच वाजता घाटनांदूरला मोठ्या सभेत पोचायचं. चार्जिंगची सोय धारूरला ठरली होती, पण मोहनरावांनी ती भांडून आपल्या गावाकडं ओढली. गावात कमान उभी राहिली. तिच्यावर मोहनरावांचं तोंड बैलाएवढं आणि त्याखाली स्कूटर कोंबडीएवढी. मंडपात चार मोठे कूलर, डीजे, आणि प्लास्टिकच्या ग्लासातलं सरबत.

बाराच्या उन्हात यात्रा आली. पुढं अकरा स्कूटर आवाज न करता, आणि त्या दिसू नयेत एवढी धूळ उडवत मागं मोहनरावांच्या माणसांच्या चौदा जीपगाड्या. शेवटी सामानाचे दोन टेम्पो, काळाकुट्ट धूर सोडत. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते चौदा जीपगाड्यांत बसून सांगायचं असतं, हे गावाला त्या दिवशी कळलं.

स्कूटरींची बॅटरी तळाला गेली होती. एवढा भार घेऊ शकेल असं कनेक्शन गावात एकाच ठिकाणी होतं. यात्रेची प्रमुख तेजश्री, पुण्याची तिशीतली पोरगी, चेहरा उन्हानं लाल झालेला, गिरणीच्या दारात आली.

"मावशी, आमच्या गाड्या इथं चार्ज करता येतील का? एकेका गाडीला एक तास मिळाला तरी आम्ही घाटनांदूर गाठू."

"किती हायत?"

"अकरा."

बायनाबाईनं दाराबाहेरच्या रांगेकडं बघितलं. चौदा डबे, तीन दगड. मग तिनं डीपीकडं कान दिला. मंडपातले कूलर चालू झाले होते, घूंऽऽ आधीच जाड झाली होती.

"दोन-दोन लावा. तवर मी गिरणी बंद ठिवते. मंग दोन डबे दळते, मंग पुन्यांदा तुमच्या दोन. सगळ्या एकदम लावल्या तर डीपी जळंल, बाई."

"म्हणजे नंबरानं?"

"नंबरानं."

तेजश्री हसली. पोरगी वाईट नव्हती. तिनं आपलं हेल्मेट काढून रांगेतल्या रतनबाईच्या डब्यामागं ठेवलं, आणि बाकीच्यांनाही ठेवायला लावलं. डबा, हेल्मेट, दगड, हेल्मेट अशी ती रांग बघून बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. बायनाबाईला तेवढा वेळ यात्रा आवडली.

पहिल्या दोन स्कूटर लागल्या आणि मोहनराव आले. मागं हनुमान. हा हनुमान गावचा झिरो वायरमन. म्हणजे वीजवाल्यांच्या कागदावर ह्याचं नाव कुठं नाही, पण खांबावर चढतो हाच.

"बायनाबाई, पाव्हण्यांची हेल्मेटं दगडाच्या मागं? गावाची अब्रू काढता का?"

"दगड ज्या बाईचा हाय, तिचा नंबर आधी."

"पाचला घाटनांदूरला वरचे पाव्हणे येणार हायत. दोन-दोन लावल्या तर रात होईल. हनुमान, टाक बे सगळ्यांना वायर."

बायनाबाई दारात आडवी उभी राहिली. जे होतं ते तिनं उघड सांगितलं. "मोहनराव, डीपी गेला तर महिनाभर न्हाई यायचा. मंग मला इंजिन लावावं लागंल. इंजिन लावलं तर आप्पा न्हाई वाचायचे. तुमाला म्हाईत हाय ते."

मोहनरावांनी हनुमानाला हातानं थांबवलं. राजकारणात तीस वर्षं काढलेला माणूस. आडवं आलेलं जनावर काठीनं नाही, चाऱ्यानं हलतं हे त्यांना ठाऊक होतं.

"आवं, तुमचं तर आज स्टेजवर नाव हाय! गावातली पहिली धूर नसलेली गिरणी म्हणून सत्कार हाय तुमचा अन् आप्पाचा. चला. हितं दोनच राहतील, माझा शब्द."

"शब्द?"

"शब्द."

सत्तावीस वर्षं दळणाचा नंबर राखणाऱ्या बाईनं त्या दिवशी माणसाच्या शब्दावर गिरणी सोडली. तिच्या आयुष्यातली ही एकच ढिलाई, आणि ती सत्काराच्या हौसेनं झाली नाही असं म्हणवत नाही. आप्पाला नवं धोतर नेसायला लावून ती निघाली. कुणी शाल पांघरतो म्हटल्यावर भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते.

मंडपात तेजश्रीनं धुराविषयी भाषण केलं. चांगलं केलं. धुरानं माणसाची छाती कशी जाते ते सांगितलं तेव्हा आप्पानं मान हलवली; त्या मंडपात ते पाठ असलेला तोच एक. मग मोहनराव बोलले. ते वसुंधरेपासून सुरू होऊन येत्या निवडणुकीवर येऊन थांबले. मग शाली आल्या. आप्पाच्या हिरव्या शालीवर सोनेरी अक्षरांत 'पर्यावरण दूत' छापलेलं होतं. फोटोसाठी मोहनरावांनी बायनाबाईचा हात धरून वर केला.

तेवढ्यात चारही कूलर थांबले. डीजे गप्प झाला.

मंडपानं हळहळ केली, पण बायनाबाईला बरं वाटलं. फ्यूज गेला. त्याचं कामच ते असतं. भार जास्त झाला की आपण जळायचं आणि डीपीला वाचवायचं. कुणीतरी दोनपेक्षा जास्त गाड्या लावल्या आहेत, हे तिला कळलं. जाऊन काढल्या की झालं.

ती उतरायला लागली, तर मोहनरावांनी हात सोडला नाही. "थांबा, फोटो नीट येऊ द्या. हनुमान गेलाय."

आणि पाच मिनिटांत कूलर पुन्हा सुरू झाले.

बायनाबाईनं हाताला हिसडा दिला. हनुमानाची फ्यूज बांधायची रीत अख्ख्या गावाला माहीत होती. एक तार जळली की तो दोन पेडाची बांधायचा, दोन पेडाची जळली की चार पेडाची. फ्यूज पुन्हा जायचा नाही, ह्याचा त्याला अभिमान होता.

"सोडा हात! त्यानं जाड तार टाकली!" ती ओरडली. डीजे तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता. फोटोत ती तोंड उघडून उभी आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात खाली छापून आलं, 'सत्काराने भारावलेल्या बायनाबाई'.

धडाम्‌ असा आवाज झाला आणि गिरणीमागून काळा लोट वर गेला. डीपीतलं तेल खाली गळत होतं. गिरणीत अकराच्या अकरा स्कूटर सॉकेटांच्या एका फळीला वायरींनी बांधलेल्या, आणि रांगेतली हेल्मेटं कुणी तरी आधीच उचलून नेलेली.

तेजश्री समोर आली. तिनं मंडपात येण्याआधी ती फळी बघितली होती, घड्याळही बघितलं होतं, आणि काही बोलली नव्हती. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सॉरी मावशी."

"तू हेल्मेट ठिवलंतंस नंबराला," बायनाबाई म्हणाली. "मंग कावून उचललं?"

तेजश्री टेम्पोकडं वळली. अकरा स्कूटर त्या दोन टेम्पोंत चढवल्या, दोऱ्यांनी आवळल्या आणि धूर सोडत घाटनांदूरकडं गेल्या. ऐकतो ते असं की घाटनांदूरच्या अलीकडं अर्ध्या कोसावर त्या उतरवल्या, फडक्यानं पुसल्या, आणि उरल्यासुरल्या बॅटरीवर थेट सभेत नेल्या. टाळ्या लई पडल्या म्हणे.

मोहनरावांनी डीपीसाठी अर्ज दिला. अर्जासोबत फोटो काढला. हनुमान तीन दिवस गावात दिसला नाही, चौथ्या दिवशी दिसला तेव्हा म्हणत होता, "माझी तार न्हाई जळली. डीपीच कच्चा होता."

चौथ्याच दिवशी गिरणीसमोर एकवीस डबे झाले. बायांनी डबे ठेवले आणि उभ्या राहिल्या. इंजिन लाव असं कुणी म्हणालं नाही. रतनबाई तर म्हणाली, "धारूरला नेऊ आमी दळण, तू नको जीव टांगणीला लावू." पण धारूरला डबा डोक्यावर कितीदा नेणार, हे तिलाही कळत होतं.

आप्पानंच कोपऱ्यातलं बारदान ओढलं.

"तुमी आपल्या पोरीकडं जा घाटनांदूरला," बायनाबाई म्हणाली. "डीपी येईस्तवर थांबा तिथं."

"अन् तू एकटी चालू करशील? हँडल कोण मारंल, खटका कोण सोडंल?"

"कुणालाबी बोलवीन."

"ह्या इंजिनाची खोड माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई, बायना. लोकांच्या चुली थांबल्यात."

ती रडली. डबेवाल्या बायांसमोर, पदर न लावता रडली. मग तिनं डोळे पुसले आणि हँडल धरलं. आप्पानं खुंटीवरची हिरवी शाल घेतली, नाकातोंडावरून दोनदा गुंडाळली आणि मागं गाठ मारली. 'पर्यावरण' आत गेलं, 'दूत' तेवढं गालावर राहिलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा पेटलं, आणि चार वर्षांनी त्या खोलीत धूर भरला.

डीपी अजून आलेला नाही. गिरणी चालू आहे. मोहनरावांची गोणी परवा आली, सहाव्या नंबरला दळली गेली, ना आधी ना नंतर. बायनाबाई दळताना एक कान जात्याकडं ठेवते आणि दुसरा इंजिनाच्या खोलीकडं. एवढ्या धडधडीतून तिला आप्पाची छाती ऐकू येते. तो आवाज जाड व्हायला लागला की ती पट्टा उतरवते, इंजिन बंद करते आणि बायांना सांगते, "आप्पा दमलेत. जरा बसा."

बाया बसतात.