कुत्रं पुढं, मेव्हणा मागं

कुत्र्याला पिकअपच्या मागं बसवावं की नाही, या प्रश्नावरून मी आयुष्यात दोन माणसांना मारलं आहे. एकाचे दात पाडले. दुसरा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ होता.

मी कोल्हापूरकडचा. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि हात जिभेच्या आधी चालायचा. आता गुडघे गेले तसा रागही उतरला, पण बहारीनमध्ये होतो तेव्हा अंगात रग होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका बांधकाम कंपनीच्या गॅरेजचा मी फोरमन होतो. आमचं यार्ड सखीरच्या बाजूला, उघड्या वाळवंटात. आता तिथं शर्यतीच्या गाड्या पळतात म्हणे. तेव्हा तेलाच्या पाइपा आणि उंट, एवढंच होतं. कंपनीनं मला एक पिकअप दिली होती. शहरातल्या माहूज भागातल्या फ्लॅटवरून सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा रोजचा क्रम.

एके दुपारी माझ्या पुढं दुसऱ्या एका कंपनीची पिकअप चालली होती. मागं कुत्रं बांधलेलं, दोर लांब. बांधणाऱ्याला वाटलं असेल, जनावराला हलायला जागा असावी. चौकात गाडी वळली, कुत्र्यानं बाहेर उडी मारली आणि दोर जमिनीला पुरला नाही. गळ्याला फास बसून ते पिकअपच्या कडेच्या फाळक्याला लोंबकळलं, मागचे पाय डांबरावर घासत. ड्रायव्हरचा रेडिओ जोरात चालू होता. मी हॉर्न दाबून धरला, पुढं जाऊन गाडी आडवी घातली. तो उतरला, मागं जाऊन बघितलं आणि हसला.

"अरे भाई, कुत्ता ही तो है," म्हणाला.

पुढचं मला नीट आठवत नाही. त्याच्या दातांचा वण माझ्या मुठीवर अजून आहे. तो तोंड धरून रस्त्यात बसला तेव्हा मी दोर कापला, कुत्रं उचललं आणि माझ्या शेजारच्या सीटवर टाकलं. सीट रक्तानं भरली.

ते जगलं. वाळूच्या रंगाचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं मरतुकडं जनावर. पायांना कातडं आलं, पण गाडीच्या मागच्या बाजूला नेलं की जागीच मुतायचं. म्हणून ते माझ्याबरोबर पुढं बसायला लागलं, खिडकीतून नाक बाहेर काढून. कुत्र्यानं मागं बसायचं नाही, हा माझा कायदा झाला, आणि तो मी भेटेल त्याला ऐकवायचो. यार्डातली माणसं म्हणायची, फोरमन तापट आहे पण काळजाचा मऊ आहे. ते ऐकायला मला फार आवडायचं.

माणसं मागं बसायची, त्यात मात्र मला काहीच वावगं वाटत नव्हतं. बेटावरची सगळी मजूर माणसं तशीच जायची, डोक्याला फडकं गुंडाळून, एकमेकांना धरून.

अशात माझा मेव्हणा आला, माहूजला आम्हा नवरा-बायकोकडंच राहायला. बायकोच्या पाठचा, पंचविशीतला गडी. वेल्डिंगमध्ये हात असा की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळू नये. व्हिसा मीच मिळवून दिला होता. आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. त्यानं माझा कान असा पिळला होता की दोन दिवस ठणकत होता. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला तेव्हा. पण कान पिळायचा तो तेवढा एक दिवस. त्यानंतर जन्मभर दाजी म्हणतील ती पूर्व दिशा. दाजींपुढं खाटेवर बसायचं नाही, दाजींच्या आधी ताटावर बसायचं नाही, दाजींना उलट बोलायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं. जावयाचा मान गोड लागतो. मी तो ओरपला.

पिकअपला पुढं तिघांची जागा होती. मधे माझी हत्यारांची पेटी असायची, खिडकीशी कुत्रं. पेटी मागं ठेवली तर चोरीला जाईल, ही भीती. म्हणून मेव्हणा मागं बसायचा, वेल्डिंगच्या गॅसच्या सिलिंडरांशेजारी, उजव्या हातानं फाळका धरून. हे चार महिने चाललं. माझ्या बायकोला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण गाडी मी इमारतीच्या मागं लावायचो आणि ती वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूच्या खिडकीतून हात हलवायची.

एका संध्याकाळी यार्डातून निघताना तो पहिल्यांदा बोलला. वारा सुटला होता, त्याचे डोळे लाल झाले होते.

"दाजी, आजच्या दिस कुत्रं मागं घाला की. मी धरून बसवतो त्याला, न्हाईतर पेटी तरी मागं घ्या. डोळ्यात लई वाळू जातीया."

दहा-बारा माणसं बघत होती. मला वाटलं, हा माझा कायदा मोडायला निघालाय. माझा हात गेला. असा आवाज झाला की कुत्रंसुद्धा सीटखाली दडलं. त्याचा गॉगल उडून वाळूत पडला. तो वाकला, गॉगल पुसला, "बरं दाजी" म्हणाला आणि मागच्या चाकावर पाय देऊन वर चढला. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, गाल कशानं सुजला? त्यानं सांगितलं, दाढ दुखतीया. तिनं त्याला लवंग दिली.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळीच उत्तरेचा वारा सुटला होता आणि धुळीत रस्ता दिसत नव्हता. यार्ड दोन मैलांवर आलं असेल, तेवढ्यात धुळीतून एक उंट समोर उभा राहिला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. आणि माझा उजवा हात स्टिअरिंग सोडून बाजूला गेला. विचार करून नाही, आपोआप गेला. कुत्र्याचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून मी पेटीवरून हात लांबवून त्याला सीटशी दाबून धरलं.

एका हातात गाडी आवरली नाही. ती फिरली, रस्ता सोडून खडकावर आदळली, आणि मागं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग एक किंकाळी. उंट निघून गेला होता.

मेव्हणा वाळूत पडला होता. फेकला जाण्याआधी सिलिंडर घसरून त्याच्या हातावर आदळला होता, फाळक्यावर धरलेल्या त्याच उजव्या हातावर. मनगटापर्यंत ठीक होतं. पुढं जे होतं त्याला हात म्हणवत नव्हतं. तो ओरडायचा थांबला आणि दातावर दात घासायला लागला, ते ऐकवेना. मी त्याला उचलून पुढच्या दाराशी आणलं. दार उघडलं तर सीटवर कुत्रं, घाबरलेलं. त्यानं त्याच्यावर दात विचकले आणि मी हात घातला तर माझ्या मनगटाला चावलं.

कुत्र्याला मानेला धरून मी बाहेर खेचलं आणि लाथ घातली. मग दुसरी, मग तिसरी. बरगडी मोडल्याचं बुटाला कळलं. मेव्हणा गाडीला टेकून, स्वतःचा फुटका हात पोटाशी धरून म्हणत होता, "दाजी, र्‍हाऊ द्या. त्येचा काय दोष? र्‍हाऊ द्या दाजी." मी थांबलो नसतो. मागून आलेल्या गाडीतला एक बहारीनी म्हातारा खाली उतरला, त्यानं मला मागून कवळ घालून ओढलं आणि "यल्ला, यल्ला", चला चला करत आम्हा दोघांना आपल्या गाडीत कोंबलं. कुत्रं लंगडत धुळीत गेलं. ते परत आलं नाही, आणि मी शोधायलाही गेलो नाही.

तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली.

बायको इस्पितळात आली ती पदर तोंडात धरून. आधी तिनं भावाचं बँडेज बघितलं, मग माझ्याकडं वळून विचारलं, "कुठं बसला हुता त्यो?"

तेवढ्यात पलंगावरून तोच बोलला. "दाजी म्हणत हुते म्होरं बस. मलाच उकडत हुतं, मागं वारं खायाला बसलो."

तिनं त्याच्या धडक्या खांद्यावर फटका मारला. "दाजींचं ऐकाया काय झालं हुतं तुला? सोन्यासारखा हात घालवून बसलास!" मारत होती आणि रडत होती. तो खाली मान घालून ऐकत होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. खरं सांगायला मला चार शब्द पुरले असते. मी पाणी आणायला गेलो.

वेल्डरला तीन बोटं नाहीत, म्हणजे खलास. महिन्याभरानं कंपनीनं त्याला परतीचं तिकीट दिलं. विमान दुपारचं होतं. त्या दिवशी मी हत्यारांची पेटी घरात उतरवून ठेवली, तिघांना पुढं नीट बसता यावं म्हणून. एवढं सोपं होतं ते. गाडी इमारतीच्या पुढच्या दाराशी आणली, पुढचं दार उघडून धरलं. बायको पिशवी घेऊन उभी होती.

तो खाली आला. उघड्या दाराकडं त्याचं लक्षही गेलं नाही. सरळ मागं गेला, मागच्या चाकावर डावा पाय ठेवला आणि उजव्या हातानं फाळका धरायला गेला. अंगठा आणि करंगळीत फाळका धरला गेला नाही. तो घसरला, सावरला, डाव्या हातानं धरून वर चढला आणि कोपऱ्यात आपल्या जागेवर जाऊन बसला. तिथं घासून घासून रंग गेलेला होता, बरोबर एका माणसाच्या पाठीएवढा.

मग त्याच्या ध्यानात आलं. तो घाईनं उठायला लागला.

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. उघड्या दाराकडं, सीटवरच्या कुत्र्याच्या पिवळ्या केसांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं आता ही ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती दिस?" तिनं विचारलं.

"ताई, तसं न्हाई..." तो वरून म्हणाला.

"तू गप."

तिनं पिशवी वर टाकली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला, चाकावर पाय दिला आणि वर चढून भावाशेजारी बसली. त्याचा उजवा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

विमानतळापर्यंत मी पुढं एकटाच होतो.