दोरी कोणी बांधली होती

"धरायची. बांधायची नाही."

लॉकमध्ये बोट शिरायच्या आधी काका माझ्या हातात हातमोजे द्यायचे आणि एवढंच बोलायचे. पहिल्या उन्हाळ्यात सांगितलं, तसंच सहाव्या उन्हाळ्यातही. मी वैतागून म्हणायचो, "काका, माहितीये आता."

"माहितीये ना? छान. धरायची. बांधायची नाही."

कालव्यावरचं लॉक म्हणजे बोटींची लिफ्ट. दोन दरवाज्यांमध्ये बोट उभी करायची, मग पाणी काढून घेतात आणि बोट हळूहळू खाली उतरते. भिंतीवरून दोऱ्या लोंबत असतात. एकाने पुढची धरायची, एकाने मागची, आणि पाणी उतरेल तशी ती हातातून सरकू द्यायची. दोरी बोटीला बांधली तर पाणी खाली जातं आणि बोट वर लटकते. एवढीच गोष्ट, पण तीच महत्त्वाची.

काका सांगलीचे. इथे न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि भाड्याने फिरवायची एक जुनी बोट विकत घेतली. लांबलचक, अरुंद, लोखंडी. आतून आगगाडीच्या डब्यासारखी: एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला दोन बर्नरची शेगडी, मधे काकूंचा फोटो. आमच्या मंडळात गणपतीला त्यावर बरीच चर्चा झाली. कोणीतरी तोंडावर विचारलं, "काका, या वयात बोटीत राहायचं?" काका म्हणाले, "मग कोणत्या वयात राहायचं ते सांगा, त्या वयात येतो."

मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, सगळे निवृत्त अमेरिकन. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा दर शनिवारी वाटी घेऊन पोह्यांसाठी हजर. काकांच्या बोटीच्या टपावर कढीपत्त्याची कुंडी असायची. ठेंगणा पूल आला की "कुंडी!" अशी आरोळी यायची आणि मी धावत जाऊन ती खाली घ्यायचो. वर उचलले जाणारे पूल असतात, ते उचलणाऱ्या बाईंना काका रेडिओवरून विनंती करायचे आणि पलीकडे गेल्यावर म्हणायचे, "धन्यवाद." दुसऱ्या वर्षापासून बाईही रेडिओवर म्हणायला लागल्या, "डान्यावाड, कॅप्टन."

वेग इतका, की काठावरून कुत्रं फिरवणारी माणसं आम्हाला मागे टाकायची. "टाकू दे," काका म्हणायचे. "त्यांना घरी जायचंय. आपण घरीच आहोत."

हिवाळ्यात कालव्याचं पाणी सोडून देतात. मग बोट काठावर लाकडांवर चढवायची आणि काका मुलाकडे दूर दक्षिणेत फ्रिस्कोला जायचे. मुलगा अमेरिकेतच जन्मलेला, भला माणूस. बापाने कायमचं यावं म्हणून दर वर्षी मागे लागायचा. काका दर वर्षी एप्रिलमध्ये बॅग भरायचे. "अरे, सुट्टी संपली माझी," म्हणायचे.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. लोक म्हणायचे, सख्ख्या मुलासारखं करतोस. मीही तसंच समजत होतो.

आता जे सांगायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तो ऑक्टोबरचा रविवार होता. बोट त्या वर्षी शेवटची लॉकमधून उतरवून काठावर चढवायची होती. आम्ही लॉकमध्ये शिरलो. काका मागे सुकाणूपाशी, मी पुढे. हातमोजे मिळाले, वाक्य ऐकलं. पाणी उतरायला लागलं आणि माझा फोन वाजला. ऑफिसमधून होता. दुसऱ्या दिवशीची मीटिंग, एक फाइल सापडत नव्हती. मी दोरीचे बोटीच्या खुंट्याला दोन वेढे दिले, वर एक गाठ मारली आणि फोनवर बोलायला लागलो. दोनच मिनिटं, असं वाटलं.

पायाखालची बोट तिरपी झाली तेव्हा कळलं. पुढचं टोक दोरीला लटकलं होतं आणि मागचं खाली चाललं होतं. आत भांडी घरंगळली. मी गाठ ओढत होतो, पण तिच्यावर बोटीचं वजन आलेलं. वर उभ्या लॉकवाल्याने भोंगा वाजवून पाणी थांबवलं. काका बोटीच्या आतून पुढे आले, हातात पाव कापायची सुरी. मला म्हणाले, "बाजूला हो." ओरडून नव्हे. दोन-तीन फटक्यांत त्यांनी दोरी कापली. बोटीचं तोंड पाण्यावर आपटलं, आणि काका लोखंडी पायरीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमधून मुलाला फोन मी केला. त्याने विचारलं, "हाऊ डिड धिस हॅपन?" मी म्हणालो, "दोरी बांधली गेली." त्याने विचारलं, "बाबांनी बांधली?"

तेव्हा नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "हो."

"वॉज ही कन्फ्यूज्ड?"

"थोडेसे," मी म्हणालो. "हल्ली विसरतात कधीकधी."

मुलगा दुसऱ्या दिवशी विमानाने आला. कॉटजवळ बसून त्याने बापाचा हात हातात घेतला. "बाबा, व्हाय डिड यू टाय इट? यू नो बेटर."

मी पायथ्याशी उभा होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. सुरुवातीला मला दोरी कशी धरायची ते शिकवताना जसं बघायचे, तसंच बघितलं. मग मुलाला म्हणाले, "विसरलो रे."

कालव्यावर एकदाही काही न विसरलेला माणूस.

बोट विकली गेली. काका फ्रिस्कोला गेले आणि हाड जुळलं, पण ते विसरतात हे एकदा ठरलं होतं. शेगडीला हात लावू देईनात. एकट्याने फाटकाबाहेर जाऊ देईनात. मुलगा वाईट नव्हता. माझ्यावर विश्वास ठेवून वागत होता. मी रविवारी फोन करायचो. काका सांगायचे, "इथे तळं आहे रे, मधे कारंजं. पाणी वर उडतं आणि तिथेच पडतं. जात कुठेच नाही." एकदा हसत म्हणाले, "चहाला परवानगी लागते आता."

मी एकदा धीर करून सुरुवात केली. "काका, त्या दिवशी लॉकमध्ये..."

"कढीपत्ता कोणी नेला?" त्यांनी मधेच विचारलं.

"मी. घरी आणलाय."

"खिडकीत ठेव. थंडी सोसत नाही त्याला." आणि फोन मुलाकडे दिला. तो मला म्हणाला, "थँक्स फॉर कॉलिंग, दादा. यू आर द ओन्ली वन."

या फेब्रुवारीत काका गेले. तिकडच्या शोकसभेत मुलगा बोलला, मी स्क्रीनवर ऐकलं. बाबांची स्मरणशक्ती शेवटची दोन वर्षं दगा देत होती, असं तो म्हणाला. नातवंडं माना खाली घालून ऐकत होती. मी माझा माइक बंद आहे ना, ते तपासलं.

हे मी मराठीत का लिहिलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या मुलाला मराठी वाचता येत नाही.

पण ऐकलेलं सगळं समजतं त्याला. काल मी त्याला फोन केला. विचारलं, रविवारी तासभर वेळ आहे का, बाबांवर थोडं लिहिलंय, वाचून दाखवायचंय.

"ओ, दॅट्स सो नाइस, दादा," तो म्हणाला. "मुलांनाही बसवतो ऐकायला."

खिडकीत कढीपत्ता होता. मी त्याचं एक वाळकं पान खुडलं.

"हॅलो? दादा?"

"बसव," मी म्हणालो. "त्यांनाही बसव."