डाव्या हातातली सुई

चीनमधल्या सुचौ शहराच्या चित्रगल्लीत, शेन मालकांच्या कारखान्यात वेइकाकू तीस वर्षं बायका रंगवत होती. कपडे धोपटणाऱ्या, रेशीम ताणणाऱ्या, खिडकीपाशी भरतकाम करणाऱ्या. बारा महिन्यांच्या बारा कामांचा असा संच नवरीच्या खोलीत टांगायची रीत, त्यामुळे मागणीला खंड नव्हता. चित्रातल्या बायका दिवसभर राबायच्या आणि कुणाच्या कपाळावर घामाचा टिपूस नसायचा. चेहराही सगळ्यांना एकच, सगळ्या जणू एकाच आईच्या लेकी. मूळ रेघा काढणारे सगळे पुरुष, त्यांना त्यात काही वावगं दिसत नसे; बायका फक्त रंग भरायच्या.

वेइकाकूची स्वतःची लेक आ-मान मात्र कुणासारखी नव्हती. ती डावखुरी होती. सासरी पंगतीला बसली की हिच्या जेवायच्या काड्या शेजारणीच्या काड्यांना अडणार आणि उद्धार आईचा होणार, म्हणून वेइकाकूने तिचा डावा हात फडक्याने कमरेशी बांधला. सुटला की बांबूची कांबट. पोर उजव्या हाताने टाके घालायला शिकली, वेडेवाकडे. आईची पाठ वळली की सुई पुन्हा डाव्या हातात जायची आणि फुलं कशी सुरेख उमटायची! ते वेइकाकूला दिसत होतं, तरी ती मारायची.

सतराव्या वर्षी आ-मान तळ्यापलीकडच्या गावी सासरी गेली. एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. निरोप आला तो बाराव्या दिवशी, सगळं उरकल्यावर. लेकीला शेवटचं न्हाऊ घालायला, कपडे चढवायला आईला कुणी बोलावलं नाही. तसबीर म्हाताऱ्यांची काढतात, पोरीसोरींची कोण काढतो? चार वर्षांत वेइकाकूच्या डोळ्यांपुढून तो चेहरा पुसट होत चालला होता. आठवायचा तो फक्त हात.

त्या उन्हाळ्यात खाके उतरवणारा कारागीर आईच्या मयताला गावी गेला आणि मालकांनी ते काम वेइकाकूकडे दिलं. चित्राच्या रेघांवर सुईने भोकं पाडलेला कागद म्हणजे खाका. तो कोऱ्या कागदावर ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, खाली उमटलेले ठिपके कुंचल्याने जोडायचे. खाक्याची वरची बाजू कोणती, ते कोपऱ्यातल्या बारीक खुणेवरून कळतं. वेइकाकूच्या डोळ्यांना ती खूण दिसली नाही. भरतकामवालीचा खाका उलटा पडला.

ठिपके उमटले तशी ती खिळून राहिली. खिडकीपाशी पोर बसली होती आणि सुई ओढून वर गेलेला हात डावा होता.

फुंकर मारली असती तर कोळसा उडून गेला असता. तिने मारली नाही. चार दिवस खपून तिने ते चित्र रंगवलं, अंगरख्याला आ-मानच्या आवडीचा डाळिंबी रंग दिला. शेजारी रंग भरणाऱ्या बायका म्हणाल्या, काकू, आज गुणगुणताय की काय! तिला कळलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी शेन मालक संच तपासायला आले. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा वाईट नव्हता.

"काकू, ही डावखुरी कुठून पैदा केलीत?"

"चुकून खाका उलटा पडला, मालक. पण राहू दे ना. डावखुऱ्या पोरी काय शिवत नाहीत?"

"हाताचं सोडा. हिचा गळा बघा." मालकांचा आवाज उतरला. "जित्या माणसाच्या अंगरख्याची डावी बाजू वर असते. हिची उजवी वर आलीय. मेलेल्या बाईला घालतात तसा. हे मी नवरीच्या खोलीत टांगू?"

वेइकाकूने पाहिलं. चार दिवस ती हाताकडेच बघत होती. तिच्याच कुंचल्याने घातलेला तो डाळिंबी अंगरखा मढ्याचा होता.

तिने त्या गळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्या लेकीला शेवटचे कपडे घालायला मला बोलावलं नव्हतं, मालक. आज मीच घातले."

मालकांनी चित्राची गुंडाळी करून तिच्या हातात दिली आणि ते बाहेर गेले.

सातव्या महिन्याची पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या दिवशी लोक आपल्या मेलेल्यांसाठी कागदाचे कपडे जाळतात. जाळलेलं त्यांना पोचतं म्हणतात. पौर्णिमेला, दिवस कलता कलता, कालव्याच्या पायऱ्यांवर वेइकाकूने गुंडाळी उलगडली. ठेवून घ्यावी असं फार वाटलं. लेकीचं म्हणून तिच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. पण अंगावरचे कपडे तिचे तिला पोचायला हवेत.

तिने कागद पेटवला. आधी खिडकी जळली, मग डाळिंबी अंगरखा. सुईवाला हात शेवटी राहिला.

"ज्या हाताने येईल त्या हाताने शिव, बाळ," ती म्हणाली. "आता नाही मारणार."