त्यानं इंजिन का बंद केलं?

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस विसरलो, काही मुद्दाम विसरलो. मांजरा नदीतल्या जेट बोटीची केस मात्र अजून काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर उभी राहते. नावं कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा बिदर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. ठाण्याचं दप्तर कानडीत आणि काठावरच्या गावांची भांडणं मराठीत. जबाब घेताना माझं डोकं दुप्पट चालायचं आणि ते लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरचं दुप्पट दुखायचं. एका सकाळी साठीतली एक कोळीण ओल्या लुगड्यानंच ठाण्यात आली. ती आणि तिचा नवरा बांबूच्या, टोपलीसारख्या गोल होडीतून जाळी टाकत. काठावर सगळे त्यांना अक्का आणि अप्पाच म्हणत. त्या सकाळी एक मोटारबोट त्यांच्यावर आदळून होडी उलटली होती. नवऱ्याच्या डोक्याला मार लागला होता, पोटात पाणी गेलं होतं, शुद्ध हरपली होती. पुतण्याबरोबर त्याला बिदरच्या दवाखान्यात धाडून ती आमच्याकडे आली होती.

"साहेब, त्यानं मुद्दाम केलं," ती म्हणाली. "लांबून भर्रकन यायलता. आमी दिसलो तसं इंजिन बंद केलं आन् गुपचूप अंगावर आला. मागं आमचं भांडन झालं व्हतं त्येच्यासंगं."

बोटवाल्यानं तरंगणारी ट्यूब फेकली होती; पण काठावरून लोक काठ्या घेऊन धावले, तसा तो पळाला. आधीचं भांडण, बंद केलेलं इंजिन आणि पळून जाणं, एवढं जमल्यावर आणखी काय हवं? गाव ठाण्यासमोर बसलं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. नवरा दगावला असता तर कलम बदलायला वेळ लागला नसता.

दुबलगुंडीचा एक टेम्पोवाला आमचा खबऱ्या होता. त्यानं फोन केला, "साहेब, मंठाळला एका शेडमधी ताडपत्रीखाली बोट हाय. पाव्हन्याची हाय म्हनायलेत." आम्ही गेलो. बोट होती आणि बोटीशेजारी पोत्यावर तिचा मालकही बसला होता. बसवकल्याणला कॉलेजात शिकवणारा, चाळिशीतला माणूस. मला पाहून उठला आणि पहिलाच प्रश्न त्यानंच विचारला, "सर, अप्पा कसे आहेत?"

चौकशीत त्यानं सगळं सरळ सांगितलं. मासे धरायचा नाद, त्यापायी जुनी जेट बोट घेतलेली. या बोटीला बाहेर पंखा नसतो. ती पाणी आत ओढून मागून जोरात फेकते, म्हणून उथळ पाण्यातही चालते. नदीवर आणून तिला फार दिवस झाले नव्हते.

"इंजिन का बंद केलं?" यावर मात्र तो गप्प.

"स्टिअरिंग पूर्ण वळवलं होतं सर. बोट वळलीच नाही," एवढंच म्हणायचा. मेकॅनिकनं बोट तपासली, तर स्टिअरिंग ठणठणीत. म्हणजे हा खोटं बोलतोय. पण लॉकअपमध्ये आलेला माणूस आधी स्वतःला वाचवायला बघतो. हा म्हणत होता, "चूक माझीच आहे, लावायचं ते कलम लावा." आणि पहाऱ्यावरचा शिपाई बदलला की नव्या शिपायाला तेच विचारायचा, अप्पा शुद्धीवर आले का. असला आरोपी माझ्या पचनी पडेना.

शेवटी मी पंच घेतले, बोट नदीवर नेली आणि अक्कालाही जागा दाखवायला बोलावलं. जिथं होडी होती तिथं रिकामा प्लास्टिकचा ड्रम दगडाला दोरानं बांधून तरंगत ठेवला. लाइफ जॅकेट घालून मी बोटीत आरोपीच्या शेजारी बसलो. खरं सांगतो, मला पोहता येत नाही, आणि हे मी शिपायांना कधी कळू दिलं नव्हतं.

"त्या दिवशी केलंत तस्संच करा," मी सांगितलं.

त्यानं ड्रम दिसताच इंजिन बंद केलं, स्टिअरिंग गच्च वळवलं. बोट वळली नाही. सरळ जाऊन ड्रमवर आदळली. पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. मग इंजिन चालू ठेवून वेग लांबूनच कमी करायला सांगितलं. बोट ड्रमला अलगद वळसा घालून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागून फेकलेल्या पाण्याच्या झोतावरच ही बोट वळते. इंजिन बंद म्हणजे झोत बंद, आणि झोत बंद म्हणजे स्टिअरिंग नुसतं शोभेला.

काठावर आलो तर अक्का पाण्याच्या कडेपर्यंत पुढं आली होती.

"साहेब, इंजिन बंद कर म्हून त्येला मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "त्या भांडनात. आमी दिसलो की तुजी मशीन बंद करत जा, मासं पळायलेत, म्हनलं. व्हय म्हनला व्हता. त्येनं माजंच ऐकलं वो."

मी त्याच्याकडे वळलो. "हे आधी कामून सांगितलं नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "अप्पा तिकडं बेशुद्ध पडलेत सर. तुमच्यामुळंच झालं, असं अक्काला कसं सांगू?"

अक्कानं पदर तोंडाला लावला. आमचा रायटर जबाब लिहायचा थांबला, आणि मी त्याला रागावलो नाही.

तिचा पुरवणी जबाब घेतला. वरिष्ठांपुढे सगळं मांडलं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम निघालं. निष्काळजीपणे बोट चालवल्याचं राहिलं, ते राहायलाच हवं होतं. त्यानं कोर्टात गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली. अप्पा शुद्धीवर आले, थोड्या दिवसांनी काठी टेकत नदीवरही आले. त्यानंतर तो बोट काढी, तेव्हा होडी दिसली की लांबूनच वेग कमी करून, इंजिन चालू ठेवून पलीकडच्या काठानं जाई, आणि अक्कानं हात वर केल्याशिवाय जाळ्यांच्या बाजूला फिरकत नसे.

तो जबाब लिहून झाल्यावर मी अक्काला म्हणालो होतो, "तुम्ही हे बोलल्या नसतात, तर कुणाला कळलंही नसतं."

ती म्हणाली, "त्येला ठावं व्हतं की साहेब. तरी त्यो बोलला न्हाई."

आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारणारे मी नोकरीभर पाहिले. म्हणून तर आरोपी गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असंच आम्ही धरून चालतो. त्या दिवसापासून समोरचा माणूस गप्प बसला की मी आधी मनाशी विचारत असे, हा कुणाला वाचवतोय?