झडप नीट काढा

माझा धंदा दात काढायचा, बायकोचा आकृत्या काढायचा. लग्न ठरलं तेव्हा माझा मेहुणा म्हणाला होता, "एकजण काढून टाकणार, एकजण काढून दाखवणार. मजा आहे!" मजा कसली डोंबलाची! म्हातारपणी त्या एका शब्दानं आमची भर वर्गात शोभा केली.

ही शाळेत जीवशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे फळ्यावर आकृती काढत काढत बोलते. हृदय काढायला घेतलं की मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची. घरीही तेच. पाहुण्यानं नुसता पत्ता विचारला की हिनं कागद ओढलाच. बाण मारणार, नावं सगळी उजव्या बाजूला लिहिणार, आणि रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही म्हणजे नाही. माझं पोट दुखायला लागलं तेव्हा हिनं डॉक्टरांना माझ्या आतड्याची आकृती काढून दुखरी जागा दाखवली. मी स्वतः दाताचा का होईना, डॉक्टर आहे. पण मला कोण विचारतो?

गेल्या वर्षी फळ्याचा वरचा कोपरा पुसायला ही स्टुलावर चढली आणि धाडकन पडली. उजवं मनगट मोडलं. "मॉनिटर मेला कधी कोपरे पुसत नाही," हे तिचं पडल्यावरचं पहिलं वाक्य. प्लास्टर निघालं, पण बोटांची थरथर राहिली. चहाचा कप धरता येतो, रेघ धरता येत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी प्रेमानंच उपाय सुचवला. वर्गात आता डिजिटल फळा आलाय, त्यात हृदयापासून मेंदूपर्यंत सगळ्या आकृत्या तयार. "तुम्ही फक्त बटण दाबा. हाताला त्रास नको."

"बटण दाबायला मी कशाला हवी?" ही घरी येऊन म्हणाली आणि चक्क रडली. माझ्या खुर्चीत बसून लोक रोज रडायचे, मला त्याचं काही वाटायचं नाही. हिला रडताना पाहून मात्र मी खिशातला रुमाल काढून पुढे केला.

पण ही रडत बसणाऱ्यातली नव्हे. ही रजेवर असताना त्या तयार आकृत्या बघून मुलांनी चाचणीत काढलेल्या हृदयांचे फोटो तिच्याकडे आले होते. सुनेनं दिलेल्या टॅबलेटवर, डाव्या हाताच्या बोटानं, तिनं एकेक हृदय पारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवायला सुरुवात केली. अख्ख्या वर्गाची हृदयं एकावर एक! बाहेरच्या रेघा झकास जुळल्या. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे, जिथे झडप असते, तिथे नुसती गिचमीड. कुणाची झडप वर उघडणारी, कुणाची आडवी, एकानं तर फुलीच मारलेली.

"बघा! यांनी झडप पाहिली, पण ती तशी का, हे कुणी सांगितलंच नाही," ही म्हणाली आणि ती गिचमीड घेऊन तरातरा मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली.

बाई तशा सरळ आहेत. म्हणाल्या, "ठीक आहे. शनिवारी माझ्यासमोर हृदय शिकवा. मुलांना झडप जमली तर वर्ग तुमचा. नाही जमली तर तुम्ही ग्रंथालय सांभाळायचं. पण तुमचा हात असा, मग आकृती काढणार कोण?"

"आमचे हे," ही म्हणाली.

मला विचारायची पद्धतच नाही आमच्याकडे. टॅबलेटवर मी काढायचं, ते मोठ्या फळ्यावर दिसणार, आणि ही बोलणार, असा बेत ठरला. पहिल्याच संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, खालचा कप्पा काढा." मी काढला. म्हणजे अर्धवट झाला होता तो पुसून टाकला.

"अहो, काढला काय?"

"तूच म्हणालीस ना, काढा!"

"काढा म्हणजे काढा!"

आता बोला! जन्मभर मला लोकांनी 'काढा' म्हटलं ते नको झालेल्या वस्तूबद्दल. शेवटी तह झाला. काढायचं असेल तर तिनं 'रेखा' म्हणायचं, घालवायचं असेल तर 'पुसा'. आठवडाभर घरात 'रेखा! अहो, रेखा!' असा आरडाओरडा चालला. शेजारच्या वहिनींनी हिला हळूच विचारलं, "नवी बाई ठेवलीत का कामाला? फारच कामचुकार दिसते."

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात टेबलामागे बसलो. मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर. सुरुवात छान झाली. ही 'रेखा' म्हणाली की मी रेखत होतो, माझ्यामागून मुलं वहीत रेखत होती. वरचे कप्पे झाले, खालचे झाले. झडप आली तेव्हा माझी रेघ जरा तिरकी गेली.

ही आकृतीत रंगून गेली होती. तह पार विसरली. म्हणाली, "अहो, ती झडप नीट काढा."

'नीट काढा'! सगळे पेशंट हेच म्हणायचे, डॉक्टर, नीट काढा, मूळ राहायला नको. माझा हात आपोआप चालला. झडप मुळासकट साफ.

वर्गानं दात काढले. हे दात काढणं माझ्या हातातलं नव्हतं. ही माझ्याकडे अशी बघत होती की मला टेबलाखाली जावंसं वाटलं. गेलं, म्हटलं, हिचा वर्ग मी माझ्या हातानं घालवला.

"पुसली ना? राहू दे तशीच," ही एकदम म्हणाली. "पुसलेली कुणी परत आणू नका." मग मुलांकडे वळली. "आमच्या डॉक्टरांनी झडप उपटली. आता खालचा कप्पा आवळला. रक्त कुठे जाईल?"

हसणं थांबलं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "बाई, वर परत जाईल. पेशंट मरेल."

"मरेलच. म्हणून झडप हवी. खाली जाताना रस्ता द्यायचा, वर यायला लागलं की दार बंद. मग ती उघडायला कुठे हवी?"

"खाली!" अख्खा वर्ग ओरडला.

"अहो," ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेखा."

मी रेखली. इतकी जपून मी अक्कलदाढसुद्धा कधी काढली नव्हती.

तास संपल्यावर मुलांच्या नव्या आकृत्यांचे फोटो मुख्याध्यापिकाबाईंसमोरच टॅबलेटवर एकमेकांवर ठेवले. झडपेच्या जागी दोन स्वच्छ, ठसठशीत रेघा. फक्त एकाची झडप अजून वर उघडत होती. मॉनिटरची. बाईंनी टॅबलेट हिला परत दिला आणि म्हणाल्या, "वर्ग तुमचा. पण यांना बरोबर आणत जा."

घरी आल्यावर हिनं चहा केला. कप थोडा हिंदकळला, बशीत सांडला.

"इतकी वर्षं काढली तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

"काढली म्हणजे? रेखली की पुसली?"

ती हसली, आणि मग डोळे पुसले. माझ्या बशीतला चहा कपात ओतला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"प्या लवकर," ती म्हणाली. "सोमवारी आपल्याला मूत्रपिंड काढायचंय."